वर्ग भरण्याआधीची सफर

मुलाला किंवा मुलीला अमेरिकेतील एखाद्या नामांकित बिझनेस स्कूलमध्ये एम.बी.ए.साठी प्रवेश मिळाला की घरात ईदच साजरी होते. नातेवाइकांचे फोन येतात, शेजारीपाजारी मिठाई जाते. मग फी, व्हिसा, राहण्याची सोय यांची धावपळ सुरू होते. या धावपळीत कधीतरी एक नवीच गोष्ट कानावर येते. वर्ग सुरू होण्याआधी आठवडाभर सहलीला जायचे आहे. डोंगर चढायचा, नदीत बोट वल्हवायची, तंबूत राहायचे. सोबत वीसेक जण असतील आणि त्यांतला एकही ओळखीचा नाही.

आई-वडिलांच्या मनात लगेच प्रश्न उभे राहतात. आपण मुलांना शिकायला पाठवतोय की फिरायला? हा खर्च कुणी करायचा? सोबत मुले-मुली एकत्र असणार का? खाण्यापिण्याचे काय? नमाजचे काय? आणि मुले म्हणतात, "सगळेच जातात. नाही गेलो तर पहिल्या दिवसापासून एकटा पडेन." दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. म्हणून या प्रथेकडे नीट पाहावे, तिच्यातले चांगले कोणते आणि आपल्याला न चालणारे कोणते हे निवडावे, असे आम्हाला वाटते.

ही प्रथा आहे तरी काय?

शिकागो विद्यापीठाची बूथ ही बिझनेस स्कूल १८९८ सालची. तिथे नव्या विद्यार्थ्यांच्या या सहलींना 'रँडम वॉक' म्हणतात. शेअर बाजारात उद्या भाव कुठे जाईल हे आज सांगता येत नाही, या सिद्धान्ताचे हे नाव. भाव माहितीनुसार कसे बदलतात यावर आयुष्यभर काम करणारे युजीन फामा याच संस्थेचे प्राध्यापक. २०१३ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा नाव तिथल्या मातीतलेच आहे. दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी पुढाकार घेतात, वेगवेगळ्या देशांच्या सहली आखतात आणि नव्याने येणारे विद्यार्थी त्यांतली एक निवडतात.

शिकागोजवळच, मिशिगन सरोवराच्या काठी इव्हॅन्स्टन येथे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची केलॉग ही संस्था आहे. तिथल्या सहलींना 'केवेस्ट' म्हणतात. तिथली एक रीत मोठी विचार करण्यासारखी आहे. सहलीच्या सुरुवातीचे काही दिवस कुणी कुणाला आपले गाव, वय, शिक्षण, आधीची नोकरी सांगायची नाही. मग एके दिवशी सगळे एकत्र बसतात आणि प्रत्येक जण आपली खरी ओळख सांगतो. तोपर्यंत सोबतचा माणूस मोठ्या बँकेतून आला की सैन्यातून, हे कुणालाच ठाऊक नसते. तो सामान उचलायला हात लावतो का, थकलेल्यासाठी थांबतो का, एवढेच दिसते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलचा प्रकार थोडा वेगळा आहे. १८८१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत 'लीडरशिप व्हेंचर्स' नावाच्या मोहिमा होतात. त्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि अंटार्क्टिका, पॅटागोनिया अशा अवघड ठिकाणीही जातात. तिथे नेतृत्व आळीपाळीने दिले जाते. आज एकाने तुकडी चालवायची, उद्या दुसऱ्याने. रात्री सगळे बसून दिवसाचा हिशेब मांडतात: काय जमले, काय चुकले, निर्णय कुणी आणि कसा घेतला.

हा फरक पालकांनी आधी समजून घ्यावा. एका प्रकारात विद्यार्थ्यांनीच आखलेली, ओळखी वाढवण्यासाठीची सहल असते. तिच्यात साहस असते, पण संध्याकाळी पार्टीही असते. दुसऱ्या प्रकारात प्रशिक्षित मार्गदर्शक, शिस्त आणि शिकण्याचा ठरलेला हेतू असतो. दोन्हींना बोलताना 'ट्रिप'च म्हणतात. आपल्या मुलाने नेमके कशासाठी नाव दिले आहे, हा पहिला प्रश्न.

डोंगराचा आणि धंद्याच्या शिक्षणाचा संबंध काय?

या कल्पनेचे मूळ व्यापारात नाही, बुडणाऱ्या जहाजांत आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश मालवाहू जहाजे बुडवत होत्या. लॉरेन्स होल्ट हे एका मोठ्या जहाज कंपनीचे मालक. जीवरक्षक नावेत बसलेल्यांपैकी वयस्क खलाशी तग धरतात आणि त्यांच्यापेक्षा तगडी तरुण पोरे धीर सोडून मरतात, अशी चिंता त्यांना लागली होती. हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडावी लागलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या साथीने १९४१ साली वेल्समधील अबरडोव्ही येथे 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा सुरू झाली. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजासाठी खलाशी हा शब्द वापरतात. त्या शाळेने पोरांना पोहणे-वल्हवणे शिकवले, पण त्याहून जास्त म्हणजे एकमेकांना धरून राहायला शिकवले.

पुढे ही कल्पना अमेरिकेत गेली. १९६२ साली कोलोरॅडोत आउटवर्ड बाउंडची शाळा निघाली. १९६५ साली गिर्यारोहक पॉल पेट्झोल्ट यांनी वायोमिंग राज्यात 'नोल्स' ही संस्था काढली. कंपन्यांनी आणि बिझनेस स्कूलनी हे शिक्षण आपल्याकडे ओढून घेतले, कारण त्यांच्याही समोर तोच प्रश्न होता: अनोळखी माणसे एकमेकांवर भरवसा ठेवायला कशी लागतात?

या प्रश्नावर मुजफ्फर शरीफ या तुर्कस्तानात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एक प्रसिद्ध प्रयोग केला. अकरा-बारा वर्षांची २२ मुले शिबिरात आणली आणि त्यांचे दोन गट केले. स्पर्धा लावताच गटांत भांडणे जुंपली. एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. नुसते एकत्र जेवू घालून किंवा सिनेमा दाखवून काही सुधारले नाही. मग पिण्याच्या पाण्याची अडचण आली, जेवण आणणारा ट्रक अडकला. दोन्ही गटांना मिळून दोर ओढावा लागला, तेव्हा कुठे वैर निवळू लागले. या प्रयोगावर पुढे टीकाही झाली, पण त्यातली मुख्य गोष्ट आपल्या रोजच्या अनुभवाला पटते. सोबत बसून चहा प्यायल्याने ओळख होते. सोबत ओझे उचलल्याने भरवसा बसतो.

आपल्या देशातही ही वाट जुनी आहे. बचेंद्री पाल १९८४ साली एव्हरेस्टवर पोहोचल्या, भारतातील पहिल्या महिला म्हणून. त्याच वर्षी जमशेदपूरला टाटा स्टीलने साहस प्रशिक्षणाची संस्था उभारली आणि बचेंद्री पाल यांनी ती वाढवली. कंपनीतली माणसेही तिथे डोंगरात शिकली. अहमदाबादच्या आय.आय.एम.मध्ये प्राध्यापक राहिलेले अनिल गुप्ता यांची 'शोधयात्रा' तर खेड्यापाड्यांतून पायी चालण्याची. शेतकरी, कारागीर, बाया-बापड्या यांनी स्वतःच्या अकलेने केलेल्या युक्त्या शोधत फिरायचे. तिथे साहसासाठी सुळका लागत नाही, ऐकून घेण्याची तयारी लागते.

आपल्याला हे नवे नाही

मुसलमानाला सफरीचे महत्त्व बाहेरून शिकावे लागत नाही. जमिनीवर फिरा आणि पाहा, असे आवाहन कुरआनमध्ये वारंवार येते. सूरह अन्कबूतच्या विसाव्या आयतीत तर सृष्टीची सुरुवात कशी झाली हे फिरून पाहायला सांगितले आहे. 'सफर' हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला त्याचा एक अर्थ उघड होणे, पडदा दूर होणे. इमाम गजाली यांनी आपल्या 'इह्या'मध्ये प्रवासाच्या शिष्टाचारावर एक स्वतंत्र भाग लिहिला आहे. सफरीत माणसाचा स्वभाव उघडा पडतो, ही गोष्ट आपल्या उलमांनी शेकडो वर्षांपूर्वी नोंदवली आहे.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी सांगितले जाते की, एका माणसाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली तेव्हा त्यांनी विचारले: तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस का? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस का? तिन्हींचे उत्तर नाही असे आले. तेव्हा ते म्हणाले, मग तू त्याला ओळखत नाहीस. केलॉगच्या विद्यार्थ्यांनी नाव-गाव लपवून जे शोधायचे ठरवले, ते इथे तीन प्रश्नांत आले आहे.

व्यापार आणि सफर यांचा संबंध तर सीरतमध्येच आहे. हजरत खदीजा (रजि.) यांनी आपला माल घेऊन प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना शामच्या सफरीवर पाठवले, तेव्हा सोबत त्यांचा सेवक मैसरा होता. परतल्यावर मैसराने फक्त नफ्याचा आकडा सांगितला नाही. वाटेत पाहिलेला प्रामाणिकपणा आणि वागणूकही सांगितली. त्या साक्षीचे वजन किती होते, हे पुढचा इतिहास सांगतो.

आणखी एक शिकवण: तिघे जण प्रवासाला निघाले तर त्यांनी आपल्यातला एक अमीर नेमावा. व्हार्टनच्या मोहिमेत रोज सकाळी नवा नेता ठरतो, त्यामागे हीच गरज आहे. सगळेच प्रमुख झाले तर वाट चुकते. हजला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींना हे कुणी समजावून सांगायला नको. मिनाच्या तंबूत अनोळखी म्हणून शेजारी झोपलेली माणसे परतल्यावर वर्षानुवर्षे एकमेकांच्या लग्नकार्याला येतात. आणि त्याच तंबूत कोण पाण्याच्या बाटल्या उशाशी दडवून ठेवत होता, हेही लक्षात राहते.

खरी अडचण कुठे आहे?

इतके चांगले असताना मग काळजी कशाची? काळजीची तीन कारणे आहेत आणि ती लपवून उपयोग नाही.

पहिले कारण दारू. विद्यार्थ्यांनी आखलेल्या सहलींत संध्याकाळ बहुधा तिच्याभोवती फिरते. आपला मुलगा पीत नसेल, तरी जिथे प्याले फिरतात त्या दस्तरख्वानावर बसू नये, ही आपली शिकवण आहे. दिवसभर सोबत डोंगर चढायचा आणि रात्री उठून जायचे, हे सोपे नाही. पण ते अशक्यही नाही. पहिल्याच दिवशी शांतपणे, भाषण न देता सांगून टाकलेले बरे. रोज नवी सबब शोधणाऱ्याला रोज आग्रह होतो. एकदा स्पष्ट नाही म्हणणाऱ्याला सहसा दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

दुसरे कारण राहण्याची व्यवस्था. तंबू, खोल्या, न्हाणीघरे यांची वाटणी कशी आहे, हे सहलीच्या प्रमुखाला लेखी विचारून घ्यावे. मुलींसाठी वेगळी आणि मुलांसाठी वेगळी सोय मागणे हा काही मागासलेपणा नाही. अशी विनंती करणारे इतर धर्मांचेही असतात.

तिसरे कारण पैसा. या सहली फीमध्ये धरलेल्या नसतात. खर्च हजारांत, आणि तोही डॉलरमध्ये. रुपयांत तो लाखाच्या घरात किंवा त्याही पुढे जातो. आपल्यापैकी बऱ्याच घरांत शिक्षणाचा खर्च कर्ज काढून होतो आणि कर्जावर व्याज असते. फीसाठी व्याजाचे कर्ज घ्यावे का, यावर घराघरांत ओढाताण होते. कुणी मजबुरी सांगतो, कुणी त्यापेक्षा थांबणे पसंत करतो. पण सहलीसाठी मजबुरी सांगता येणार नाही. सुदाच्या पैशाने केलेली सफर डोक्यावर ओझे होऊन परत येते. स्वतःच्या कमाईतून शिल्लक असेल तर जावे. नसेल तर शाळेकडे मदतीची काही सोय आहे का, हे विचारायला लाजू नये. तीही नसेल तर सरळ सांगावे की परवडत नाही. चाळिशी-पन्नाशीतही लोकांना हे वाक्य बोलता येत नाही. विशीत जमले तर आयुष्यभर कामाला येईल.

मुलगी असेल तर?

या प्रश्नावर घरात आवाज चढतात, म्हणून जरा थांबून बोलू. महरमशिवाय स्त्रीने लांबचा प्रवास करण्याबाबत उलमांमध्ये मते आहेत. हनफी फिकहमध्ये तीन दिवसांच्या वाटेइतक्या सफरीला महरम लागतो. शाफई मतात फर्ज हजसाठी विश्वासू स्त्रियांच्या सोबतीला जागा दिली आहे. वाट सुरक्षित असेल तर यापुढेही सवलत देणारे आजचे काही विद्वान आहेत. आपल्या घरचा मसलक पाहून, ज्यांच्यावर भरवसा आहे अशा आलिमांना पूर्ण परिस्थिती सांगून विचारावे. आम्ही इथे फतवा देणार नाही.

पण एक गोष्ट जरूर सांगू. दारूची मैफल, एकत्र राहणे, उधळपट्टी या गोष्टी मुलीला जितक्या मना आहेत तितक्याच मुलालाही आहेत. मुलाने "ट्रिपला जातो" म्हटले की आपण फक्त पैसे किती लागतील ते विचारतो, आणि मुलीने म्हटले की सगळे घर मुफ्ती होते. हा न्याय नाही. जे प्रश्न मुलीला विचारतो तेच मुलालाही विचारले पाहिजेत.

अंगी ताकद आहे का, ही शंकाही आता उरू नये. २०१३ सालच्या मे महिन्यात पाकिस्तानची समीना बेग आणि सौदी अरेबियाची राहा मुहर्रक या दोघी एका दिवसाच्या अंतराने एव्हरेस्टवर पोहोचल्या. आपापल्या देशातल्या त्या पहिल्या महिला. समीनाच्या सोबत तिचा भाऊ होता. बहिणीला डोंगर चढायला शिकवणारा आणि मोहिमेत तिच्यासोबत जाणारा भाऊ, हे चित्र आपल्या घरांनी डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे.

जायचे ठरले तर

नमाज: सफरीत जोहर, असर आणि इशा या चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन रकाती होतात. फज्र आणि मगरिब आहेत तशाच राहतात. साधारण ७८ किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला ही सवलत लागू होते, असे आपल्याकडे सांगितले जाते. एका ठिकाणी किती मुक्काम केला की कसर संपते, यात फरक आहे. हनफी मतात १५ दिवसांचा इरादा, शाफई मतात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस. कोकणातील शाफई घरांना जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करण्याचीही मुभा आहे. हनफी घरांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. पाणी नसेल किंवा वापरल्याने आजाराची भीती असेल तर तयम्मुम आहे. वुजू करून घातलेल्या चामडी मोज्यांवर मुसाफिराला तीन दिवस-रात्र मसह करता येतो. बर्फाळ डोंगरात याची किंमत कळते. किबल्यासाठी फोनवर विसंबू नये, डोंगरात नेटवर्क नसते. एक साधे होकायंत्र आणि आधी काढून ठेवलेली दिशा पुरते.

खाणे: 'हलाल' एवढाच शब्द लिहून भागत नाही. मांस चालणार नाही, मासे, अंडी आणि भाज्या चालतील, पदार्थात वाइन किंवा डुकराची चरबी नको, असे स्पष्ट लिहून द्यावे. खजूर, सुका मेवा, चणे, खाकरा असे काही पिशवीत असावे. मात्र सीमेवर कोणते पदार्थ नेता येतात ते आधी पाहावे.

प्रकृती: २५०० मीटरच्या वर गेले की उंचीचा त्रास होऊ शकतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे असताना आणखी वर चढू नये. वाढली तर खाली उतरावे. इथे मर्दुमकी दाखवणारे जीव गमावतात. दमा, रक्तदाब, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. विम्यात डोंगरातून सुटका करून आणण्याचा खर्च धरला आहे का, ते वाचून घ्यावे. तयारीसाठी आपला सह्याद्री आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे. पावसाळ्याआधी दोन-चार गड पाठीवर सामान घेऊन चढले की नवे बूटही पायाला बसतात आणि आपला दमही कळतो.

कागदपत्रे: अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी त्या देशात उतरता येत नाही. सहल तिसऱ्या देशात असेल तर भारतीय पासपोर्टवर त्या देशाचा व्हिसा बहुधा लागतो, आणि सहलीहून अमेरिकेत शिरताना आय-२० हा कागद हातात असावा लागतो. अमेरिकन सहाध्यायांना यातले काहीच लागत नाही, त्यामुळे सहल आखणाऱ्यांच्या ते ध्यानातही नसते. आपणच वेळेवर विचारायचे.

आणि नाही गेले तर?

तरी काही बिघडत नाही, हे मुलांना ठामपणे सांगायला हवे. वर्ग भरल्यावर अभ्यासाचे गट होतात, रात्र-रात्र जागून प्रकल्प होतात. सोबत ओझे उचलण्याचे प्रसंग तिथेही भरपूर येतात. जुम्याच्या नमाजला भेटणारी माणसे असतात. पहिल्या आठवड्यात दोन-तीन जणांना खोलीवर बोलावून खिचडी किंवा बिर्याणी खाऊ घातली तरी ओळखीची सुरुवात होते. आपल्या मुलांना हे येते. मेहमाननवाजी ती घरातच शिकली आहेत.

गेले तर मात्र भिंतीला टेकून बसण्यासाठी जाऊ नये. सीरतच्या पुस्तकांत एक प्रसंग सांगतात. सफरीत बकरी करायची ठरली, साथीदारांनी कामे वाटून घेतली, तेव्हा प्रेषित (सल्ल.) यांनी लाकडे गोळा करण्याचे काम स्वतःकडे घेतले. आपला मुलगा किंवा मुलगी फज्रला उठणार, म्हणजे तंबूंच्या त्या गावात सर्वांत आधी जागे होणार. सगळे झोपलेले असताना स्टोव्ह पेटवून पाणी उकळत ठेवणारा कोण, हे दोन दिवसांत सगळ्यांना कळते. रात्रीच्या पार्टीत तो नसतो, याची मग कुणी तक्रार करत नाही.

पाठवायचे की नाही, याचा निर्णय प्रत्येक घराने आपल्या परिस्थितीनुसार घ्यावा. पण तो निर्णय भीतीने नको आणि "सगळेच जातात" म्हणूनही नको. मुलांना समोर बसवून, वरचे सगळे प्रश्न कागदावर लिहून, उत्तरे मिळवून घ्यावा. आणि हो म्हटले तर निघताना सफरची दुआ सगळ्यांनी मिळून म्हणावी. त्या दुआत मुसाफिर वाटेतल्या कष्टांपासून पनाह मागतो आणि मागे राहिलेल्या घरच्यांनाही अल्लाहच्या हवाली करतो.

अल्लाह आपल्या मुलांना चांगले सोबती देवो आणि त्यांनाही कुणाचे चांगले सोबती बनवो. आमीन.